पाठवणाऱ्याचं नाव

आनंदनगरच्या एमआयडीसीत बॉयलरचे सेफ्टी व्हॉल्व्ह बनवणारा एक मध्यम कारखाना आहे. प्रीतम तिथे डिस्पॅचचा सुपरवायझर होता. चौदा वर्षं त्याने गाड्या भरून पाठवल्या आणि एकही खोका चुकीच्या पत्त्यावर गेला नाही, याचा त्याला अभिमान होता. माणूस कामाला चोख, पण उभी गाडी त्याला बघवत नसे. गेटवर टेम्पो थांबला की याचा जीव वरखाली सुरू.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी असाच एक टेम्पो उभा होता. माल उल्हासनगर कॅम्प नंबर तीनच्या एका व्यापाऱ्याचा, छोट्या बॉयलरवर बसणारे सव्वीस व्हॉल्व्ह. सकाळच्या चाचणीत त्यातले दोन नग वेळेवर उघडले नाहीत, म्हणून लॅबच्या संजीवनी मॅडमनी सगळा लॉट थांबवला होता. मॅडम बुधवारपासून भाच्याच्या लग्नाला चिपळूणला जाणार होत्या. "सोमवारी आल्यावर बघू. स्प्रिंग कडक वाटतेय मला," असं सांगून त्या दुसऱ्या कामाला लागल्या. इकडे ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी दारात येऊन विचारत होता, "साहेब, निकलू क्या?"

नियम सरळ होता. संजीवनी मॅडमचा 'लॉट पास' असा मेल डिस्पॅचला आणि गेटला आल्याशिवाय माल हलवायचा नाही. पण प्रीतमला एक गोष्ट ठाऊक होती. वर्षभरापूर्वी डिस्पॅच हॉलमधल्या कॉम्प्युटरवर मेल बसवताना पाठवणाऱ्याच्या रकान्यात त्याने चुकून भलताच पत्ता टाकला होता, आणि मेल त्या भलत्याच नावाने बिनबोभाट निघून गेला होता. तेव्हा त्याला गंमत वाटली होती.

याआधी तीन वेळा मॅडमनी लॉट थांबवले होते आणि तिन्ही वेळा ते दुसऱ्या चाचणीत पास झाले होते. हाही होईल. सोमवारी मॅडमना सांगून टाकू, रागावतील थोड्या, मग सोडून देतील. अशी स्वतःची समजूत घालून प्रीतमने पाठवणाऱ्याच्या जागी संजीवनी मॅडमचा पत्ता टाकला, 'लॉट पास, माल सोडावा' एवढंच लिहिलं आणि बटण दाबलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. अडीच वाजता टेम्पो गेटबाहेर पडला.

शनिवारी कॅम्प तीनहून फोन आला. तिथल्या एका कपड्याच्या कारखान्यात इस्त्रीच्या वाफेचा बॉयलर होता. नवा व्हॉल्व्ह साडेतीन किलो दाबाला उघडायला हवा होता. काटा साडेचारच्या पुढे गेला तरी तो उघडला नाही. बॉयलरवरच्या माणसाच्या वेळेत लक्षात आलं, त्याने बर्नर बंद केला, म्हणून निभावलं.

सोमवारी संजीवनी मॅडम लग्नाहून परतल्या त्या थेट मालकांच्या केबिनमध्ये. मालक धर्मेशभाईंनी मेलचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. प्रीतम भिंतीला टेकून उभा होता.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "हा मी लिहिलेला नाही."

"नाव तुमचं, पत्ता तुमचा," धर्मेशभाई म्हणाले. "मंगळवारी दोन-दहाला तुम्ही कुठे होता?"

"लॅबमध्ये. माझ्याच टेबलावर."

"मग?"

मॅडमनी कागद मालकांकडे सरकवला. बारा वर्षं त्यांनी लॅबच्या त्या टेबलावर काम केलं होतं. चाचणीच्या वेळी काट्याकडे बघण्याआधी त्या कान देत. व्हॉल्व्ह सुटल्याच्या आवाजावरूनच त्या दाब सांगायच्या, आणि काटा मागाहून तेच दाखवायचा. अशा बाईला धर्मेशभाई म्हणाले, "चौकशी होईपर्यंत घरी बसा. माझा इलाज नाही."

मॅडम उठल्या. जाताना त्यांनी प्रीतमकडे पाहिलं ते काही संशयाने नव्हे. आपल्या बाजूने कुणी दोन शब्द बोलेल का, अशा नजरेने पाहिलं. प्रीतमने नजर जमिनीकडे वळवली. सोमवारी सांगून टाकू असं त्याने ठरवलं होतं. तो सोमवार असा निघून गेला.

आता नूतनबद्दल सांगायला हवं. ही चामटोली गावची मुलगी. वडील भाजीपाला करतात. ती रोज स्कूटीने कारखान्यात येई. कागदोपत्री तिची जागा कॉम्प्युटर ऑपरेटरची, पण सर्व्हरपासून गेटवरच्या कॅमेऱ्यापर्यंत सगळं तीच सांभाळायची. लोकांना तिची आठवण प्रिंटरमध्ये कागद अडकला की व्हायची. बोलायची कमी. प्रीतमने तिला कधी कुणाशी हुज्जत घालताना पाहिलं नव्हतं.

बुधवारी सकाळी नूतन लॅपटॉप घेऊन धर्मेशभाईंच्या केबिनमध्ये गेली. परत आणायच्या मालाचं काय करायचं ते ठरवायला प्रीतम तिथे बसलाच होता.

"भाई, दहा मिनिटं द्या. संजीवनी मॅडमच्या मेलबद्दल आहे."

"बोल."

"आधी एक करून दाखवते. तुमचा फोन तुमच्या हातात धरा. मी तुमच्या नावाने तुम्हाला आणि प्रीतमदादांना एक मेल पाठवू का? तुमची परवानगी असेल तरच."

"माझा पासवर्ड आहे तुझ्याकडे?"

"नाही. आणि तो नकोय मला."

धर्मेशभाईंनी मान हलवली. नूतनने काहीतरी टाइप केलं. अर्ध्या मिनिटात दोन्ही फोन वाजले. प्रीतमने पाहिलं, पाठवणारे धर्मेशभाई. खाली लिहिलं होतं, 'उद्यापासून सगळ्यांना दुपारचा चहा दोनदा मिळेल.'

धर्मेशभाईंनी फोन टेबलावर ठेवला. एरवी ते या गोष्टीवर हसले असते.

"हे कसं केलंस?"

"आपल्याकडे आलेला मेल वाचायला पासवर्ड लागतो, भाई. पाठवायला लागत नाही. कंपाउंडच्या आतून कुणीही मेल टाकला की सर्व्हर त्याला तू कोण, असं विचारतच नाही. पाठवणाऱ्याच्या रकान्यात जे नाव लिहाल ते तो खरं मानतो आणि पुढे ढकलतो. मॅडमच्या नावाचा तो मेल डिस्पॅच हॉलच्या कॉम्प्युटरवरून आलाय. सर्व्हरच्या नोंदीत तेवढं दिसतं."

प्रीतमने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"म्हणजे कुणी पाठवला?" धर्मेशभाईंनी विचारलं.

"तिथे तीन पाळ्यांची माणसं बसतात. ट्रान्सपोर्टवाले येतात, ड्रायव्हर येतात. त्यातलं कोण, ते सर्व्हरला माहीत नाही. मलाही नाही. माहीत नसताना मी कुणाचं नाव घेतलं, तर जे मॅडमचं झालं तेच त्याचं होईल."

प्रीतमला वाटलं, संपलं, आता ती लॅपटॉप मिटून जाईल. नूतन गेली नाही. तिने लॅपटॉप मिटून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "अजून एक आहे. हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे."

धर्मेशभाईंनी मान वर केली.

"सर्व्हर माझ्या ताब्यात आला तेव्हाच दिसलं होतं. मी पासवर्ड लावूनही बघितला. पण आपला जुना स्कॅनर, वजनकाट्याचा कॉम्प्युटर, गेटवरचं मशीन, सगळ्यांचे मेल बंद पडले. दोन तास आरडाओरडा झाला. मी होतं तसं परत केलं आणि म्हटलं, सवडीने करू. ती सवड मी काढलीच नाही. मॅडमवर जे आलंय त्यात माझा हिस्सा आहे. तो माझ्या फाइलमध्ये लिहा."

प्रीतम तिच्याकडे बघतच राहिला. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती गप्प राहिली असती तर जन्मात कुणाला कळलं नसतं. नोकरी जाऊ शकते हे तिला कळत नव्हतं असंही नाही. मांडीवरच्या लॅपटॉपवर तिची बोटं घट्ट आवळलेली होती. पण आवाज हलला नाही.

"तुला काढून टाकू शकतो मी," धर्मेशभाई म्हणाले.

"हो. पण काढण्याआधी हे मला नीट करू द्या. दुसरा कुणी आला तर त्याला समजून घ्यायलाच महिना जाईल."

धर्मेशभाईंनी कपाळ चोळलं. "किती दिवस?"

"शुक्रवारी एमआयडीसी बंद असते. शुक्रवारी करते. शनिवारी सकाळी पासवर्डशिवाय एकही मेल जाणार नाही. आणि ज्याचा पासवर्ड, त्याच्याच नावाने जाईल. दुसऱ्याचं नाव टाकलं तर सर्व्हर मेल परत फिरवेल."

"माझं सोडून दे. मला ते पासवर्ड वगैरे..."

"तुमचं सगळ्यात आधी, भाई. तुमच्या नावाने मेल आला की लोक विचार न करता ऐकतात."

धर्मेशभाईंनी हात वर करून ते मान्य केलं. मात्र मॅडमबद्दल ते एवढंच म्हणाले, "असं होऊ शकतं, हे पटलं. असंच झालं, हे कुठे पटलं? मॅडम स्वतः हॉलमध्ये येऊन लिहून गेल्या नसतील कशावरून? त्यांना अजून बोलावत नाही."

गुरुवारी प्रीतम टेम्पो घेऊन कॅम्प तीनला गेला, व्हॉल्व्ह परत आणायला. कारखाना एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर होता. खाली रिक्षावाले सीटा भरत होते. वर जीन्सच्या पँटींचे ढीग आणि इस्त्रीची सहा टेबलं. टेबलांवर बायका काम करत होत्या. त्यांच्या मागे, चार हातांवर, बॉयलर.

बॉयलर सांभाळणारे विष्णुपंत साठीच्या पुढचे होते. त्यांनी काढून ठेवलेला व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळून ठेवला होता. तो प्रीतमच्या हातात देत ते म्हणाले, "मी खाली चहा घ्यायला निघालो होतो. जिन्यापर्यंत गेलो पण. मग म्हटलं, काटा बघून जावं."

प्रीतमने विचारलं, "आणि बघितला नसता तर?"

विष्णुपंतांनी नुसतं इस्त्रीच्या टेबलांकडे पाहिलं. एक बाई पँटीची शिवण सरळ करत शेजारणीला काहीतरी सांगत होती, आणि दोघी हसत होत्या.

"तुमच्या मालावर विश्वास असतो हो," विष्णुपंत शांतपणे म्हणाले. "कागदावर पास लिहिलेलं असतं. आम्ही कुठे उघडून बघणार?"

बाकीचे पंचवीस व्यापाऱ्याकडून घेऊन प्रीतमने सव्वीसच्या सव्वीस व्हॉल्व्ह मोजून टेम्पोत ठेवले.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी होती. डिस्पॅच हॉलची किल्ली प्रीतमकडे असल्यामुळे नूतनने त्याला बोलावून घेतलं होतं. तो अकराला पोचला. ती सकाळी सातपासून कामाला लागलेली होती. एकतीस कॉम्प्युटरपैकी चोवीस झाले होते. वहीत तिने प्रत्येक मशीनचं नाव लिहून पुढे खूण केलेली होती. जुन्या स्कॅनरला पासवर्ड हा प्रकारच कळत नव्हता. त्याच्यासाठी तिने वेगळी वाट काढली होती: त्या एका मशीनवरून मेल फक्त 'स्कॅनर' याच नावाने निघणार आणि कारखान्याबाहेर जाणारच नाही.

"म्हाताऱ्याला सांभाळून घ्यावं लागतं," ती म्हणाली. मग वजनकाट्याचा कॉम्प्युटर दुसऱ्यांदा तपासायला गेली, कारण पहिल्या वेळी मेल गेला पण उशिरा गेला होता. "उशिरा का, ते कळल्याशिवाय खूण करणार नाही." पाऊण तास ती त्या मशीनपुढे बसली. कारण सापडलं, दुरुस्त झालं, तेव्हाच वहीत खूण पडली. प्रीतम स्टुलावर बसून बघत होता. चौदा वर्षं तो स्वतःला कामाचा माणूस समजत आला होता. थांबणं हाही कामाचाच भाग असतो, हे त्याला इतक्या जवळून कुणी दाखवलं नव्हतं.

शेवटी ती हॉलच्या कॉम्प्युटरशी आली. जुनं सगळं काढून टाकलं आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "दादा, आता तुमचा पासवर्ड टाका. कुणाला सांगू नका, मलाही नाही." आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

प्रीतमचे हात कीबोर्डवर तसेच राहिले.

"नूतन, एक विचारू? खरंच तुला कळलं नाही, कोण होतं ते?"

ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "अंदाज आहे. पण अंदाज म्हणजे माहिती नव्हे."

"मग त्या दिवशी स्वतःचं का सांगितलंस? कुणी विचारलं नव्हतं."

"मॅडम घरी बसल्यात ना, दादा. लबाडी कशी झाली ते सांगायचं तर दार कुणी उघडं ठेवलं तेही सांगावं लागतं. अर्धंच सांगितलं असतं तर भाईंना ते सबबीसारखं वाटलं असतं. आणि दोन रात्री झोप नव्हती."

प्रीतमने हात मांडीवर घेतले. "मी पाठवला तो मेल."

नूतन वळली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि जिंकल्याचा भावही नव्हता. होती ती काळजी, घरातल्या माणसाची वाटावी तशी.

"मला सांगून भागणार नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आधी मॅडमना सांगा. त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको. पण आत्ता हा पासवर्ड टाकून घ्या, मशीन अर्धवट सोडता येत नाही मला."

त्याने पासवर्ड टाकला. तिने एक मेल पाठवून बघायला सांगितला. मग त्याच कॉम्प्युटरवर तिने त्याच्या देखत पाठवणाऱ्याच्या जागी संजीवनी मॅडमचा पत्ता टाकला आणि बटण दाबलं. पडद्यावर लाल ओळ आली. मेल परत फिरला होता. नूतनने वहीत एकतिसावी, शेवटची खूण केली.

दुपारी प्रीतम बदलापूरला, कात्रपला गेला. संजीवनी मॅडमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यांनीच उघडलं. प्रीतमने उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टेम्पो, ड्रायव्हर, सोमवारी सांगायचं ठरवलेलं, न सांगितलेलं. काही लपवलं नाही आणि काही रंगवलंही नाही.

मॅडम दाराची कडी धरून ऐकत होत्या.

"तुम्ही मला विचारायचं होतं," त्या अखेर म्हणाल्या. "मी लॅबमध्ये होते, प्रीतम. तुमच्यापासून वीस पावलांवर. मी तो लॉट सोडला नसता, पण ड्रायव्हरला मी स्वतः येऊन सांगितलं असतं."

"हो."

"या आठवड्यात मलाच माझी शंका यायला लागली होती. वाटलं, घाईत आपणच लिहिलं असेल आणि विसरलो असू." त्यांनी कडी सोडली. "त्याबद्दल मी तुम्हाला इतक्यात माफ करू शकणार नाही."

"करू नका," प्रीतम म्हणाला. "मी उद्या भाईंना सांगतोय. ते तुम्हाला आधी कळावं म्हणून आलो."

त्यांनी दार लावलं नाही, पण आत याही म्हटलं नाही. प्रीतम जिना उतरला.

शनिवारी त्याने धर्मेशभाईंना सांगितलं. धर्मेशभाई खूप ओरडले. दुपारी त्यांनी स्वतः संजीवनी मॅडमना फोन केला, आणि सोमवारी सगळ्या खात्यांच्या माणसांना जमवून सगळ्यांसमोर त्यांची क्षमा मागितली. प्रीतमला पंधरा दिवस घरी बसवलं. परत आल्यावर सुपरवायझरची जागा गेली आणि स्टोअरमध्ये बदली झाली. त्याने ती निमूट घेतली. कॅम्प तीनला नवे सव्वीस व्हॉल्व्ह गेले, प्रत्येक नग संजीवनी मॅडमनी स्वतः कान लावून तपासलेला. नूतनला तिने मागितली होती ती ताकीद मिळाली, लेखी. तिने ती वाचून सही केली. धर्मेशभाईंनी त्याच दिवशी दुसरा कागदही दिला. यापुढे सर्व्हरबाबत तिने सांगितलेलं काम कुणाच्या तक्रारीमुळे मागे घ्यायचं नाही, असं त्यात होतं. तिने दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये लावले.

पासवर्डवरून महिनाभर कुरकुर चालली. गेटवरचा माणूस तीनदा विसरला. नूतन तीनदा गेली आणि तिन्ही वेळा त्याच्याकडून नवा टाकून घेतला. चौथ्यांदा तो विसरला नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला स्टोअरमध्ये स्प्रिंगांचा नवा माल उतरला. ट्रकवाला पावतीसाठी घाई करत होता. प्रीतमने त्याला पाणी दिलं, पंख्याखाली बसायला सांगितलं आणि कॉम्प्युटर उघडला. पाठवणाऱ्याच्या रकान्यात त्याचं नाव होतं. दुसरं कुठलं तिथे टिकणारही नव्हतं. त्याने संजीवनी मॅडमना लिहिलं, 'स्प्रिंगांचा माल आला आहे. तपासणी बाकी आहे. तुम्ही बघेपर्यंत थांबवून ठेवतो.'

दोन मिनिटांत उत्तर आलं. एकच शब्द होता. 'येते.'

प्रीतम ट्रकवाल्याला म्हणाला, "मॅडम येतायत. तासभर लागेल." आणि त्याच्याशेजारी जाऊन बसला.